'दुसरीकडे दाखवा' म्हणण्याआधी

मार्चचा दुसरा आठवडा जगभर काचबिंदू सप्ताह म्हणून पाळला जातो. नेत्ररुग्णालयांच्या दारावर फलक लागतात, मोफत तपासणीची शिबिरे भरतात, चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा अशी आवाहने छापून येतात. ती यायलाच हवीत. दक्षिण भारतात वस्त्यावस्त्यांत जाऊन केलेल्या पाहण्यांत, काचबिंदू असलेल्या दहांतल्या नऊ जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता असे दिसून आले होते. आज मात्र आम्हाला बोलायचे आहे ते उरलेल्या त्या एकाविषयी. त्याचा आजार वेळेत सापडला, त्याची फाईल तयार झाली, तो काही वर्षे येत राहिला, मग चुकतमाकत येऊ लागला आणि एके दिवशी त्याला काउंटरवरून सांगण्यात आले, 'आता तुम्ही दुसरीकडे दाखवा.'

डॉक्टरांनी रुग्णाला सोडणे हा विषय आपल्याकडे उघडपणे बोलला जात नाही. रुग्णांनी डॉक्टर बदलण्याबद्दल आपण तासन्‌तास बोलतो, पण याची उलट बाजूही आहे आणि डोळ्यांच्या विशेष उपचारांच्या दवाखान्यांत ती वारंवार दिसते. याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. मोतीबिंदूचा रुग्ण येतो, शस्त्रक्रिया होते, महिना-दीड महिना थेंब घालतो, चष्म्याचा नंबर घेतो आणि समाधानाने घरी जातो. काचबिंदूत असा शेवट नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, ते हळूहळू मरत जातात आणि मेलेला तंतू परत येत नाही. उपचार करायचा तो उरलेले राखण्यासाठी. रोज ठरल्या वेळी थेंब, दर तीन-चार-सहा महिन्यांनी दाबाची तपासणी, वर्षातून एक-दोनदा 'फील्ड' म्हणजे नजरेच्या परिघाची तपासणी, अधूनमधून नसेचा स्कॅन, आणि हे सारे हयातभर. बरे, इतके केल्यावर रुग्णाला काय मिळते? दिसण्यात काहीही सुधारणा होत नाही. सगळे उत्तम चालले असेल तर सहा महिन्यांपूर्वी होते तेवढेच दिसत राहते. ज्या उपचाराचे यश जाणवतच नाही, त्यावर वीस वर्षे विश्वास ठेवायला रुग्णाला सांगणे ही मोठी मागणी आहे.

दवाखाने रुग्ण का सोडतात याची काही कारणे सरळ आहेत आणि त्यांवर फार चर्चेची गरज नाही. रुग्ण किंवा नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून गेले, परिचारिकेला शिवीगाळ केली, तोडफोड केली, तर त्या दवाखान्याने दार बंद केले यात गैर काही नाही. अशा हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. काही ठिकाणी पैशांचा वाद असतो. काही ठिकाणी चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया किंवा महागडी लेन्स बसवून घेतलेला रुग्ण निकालावर समाधानी नसतो, महिन्यात चार वेळा येतो, प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारतो आणि डॉक्टरांचा धीर सुटतो. तिथे चूक बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या आधी, अपेक्षा नीट समजावून न सांगण्यात झालेली असते. असो.

खरा कठीण प्रश्न आहे तो 'ऐकत नाही' या शेऱ्याचा. थेंब नियमित घालत नाही, तारखेला येत नाही, सांगितलेली तपासणी करून आणत नाही, शस्त्रक्रियेला होकार देऊन ऐनवेळी फिरकत नाही. फाईलमध्ये अशा नोंदी साठत जातात. डॉक्टरांच्या बाजूने पाहिले तर त्यांची धास्ती खोटी नाही. समोरच्या माणसाची नजर जाणार हे त्यांना दिसत असते, ती गेल्यावर 'इतकी वर्षे तुमच्याकडेच दाखवत होतो' असे ऐकावे लागणार हेही त्यांना ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. त्याने रुग्णाला दाद मागायची जागा मिळाली, ते योग्यच झाले. पण तेव्हापासून न ऐकणारा रुग्ण डॉक्टरांना संभाव्य तक्रारदारही वाटू लागला. वकिलांचा सल्ला असतो की संबंध संपवून टाका. स्वतः झिजून उपचार करणाऱ्या डॉक्टरला, आपले न ऐकणाऱ्यावर पुन्हा तेवढाच वेळ का खर्चावा असेही वाटते. बाहेर साठ-सत्तर माणसे ताटकळत असतात. ही सारी कारणे मानवी आहेत.

तरीही आमचे म्हणणे असे आहे की काचबिंदूच्या बाबतीत न ऐकणे हा रुग्णाचा गुन्हा मानता येत नाही. ते या आजाराच्या उपचारातले नेहमीचे दुखणे आहे आणि त्यावरही इलाज करणे हे डॉक्टरचेच काम आहे.

याला पुरावा आहे. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, थेंबांच्या बाटलीला प्रत्येक वापराची नोंद करणारे यंत्र जोडले होते. रुग्णांनी सांगितले, आम्ही सांगितलेल्या मात्रांपैकी ९७ टक्के घेतल्या. यंत्राने दाखवले ७६ टक्के. २००९ साली तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात रुग्णांना थेंब फुकट दिले आणि बाटलीवर नजर आहे हेही सांगून ठेवले. तरी जवळपास ४५ टक्के रुग्णांनी पाऊण हिश्श्याहून कमी मात्रा घेतल्या. औषध फुकट, पाळत ठाऊक, आणि तरीही ही गत. मग औषध विकत घेणाऱ्या आणि कोणी न विचारणाऱ्या आपल्या रुग्णाकडून आपण कोणती अपेक्षा धरतो?

कोणत्याही मोठ्या नेत्ररुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एखाद्या आजींना 'थेंब कसा घालता ते दाखवा' म्हणून पाहावे. संधिवाताने वाकडी झालेली बोटे बाटली नीट दाबू शकत नाहीत. मान मागे टाकली की चक्कर येते. दुसऱ्या हाताने खालची पापणी ओढायची, बाटलीचे टोक डोळ्याला लागू द्यायचे नाही, नेमका एक थेंब आत पाडायचा आणि मग नाकाजवळचा कोपरा दाबून डोळा मिटून मिनिट-दोन मिनिटे थांबायचे, हे सगळे ज्याची नजर आधीच अधू झाली आहे त्याने करायचे असते. पहिला थेंब गालावर, दुसरा कपाळावर, तिसरा कसाबसा डोळ्यात. महिना पुरायची बाटली अठराव्या दिवशी संपते. पुढची मुलाचा पगार झाल्यावर येते. मधले बारा दिवस थेंब नाही, आणि फाईलमध्ये शेरा पडतो, 'औषध नियमित घेत नाही'. बाटली संपली का, हे आजींना कोणी विचारलेले नसते.

आजींच्या गावी जाऊन पाहिले तर आणखी कारणे दिसतील. काही थेंबांची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते, घरात फ्रीज नाही. थेंबाने डोळे लाल होतात, चुरचुरतात. ज्या डोळ्याला काही होत नव्हते तो औषधाने दुखायला लागला, असा सरळ हिशेब होतो. सरकारी आरोग्य योजनांतून शस्त्रक्रियेचा खर्च निघू शकतो, वर्षानुवर्षांच्या बाटल्या मात्र खिशातूनच आणाव्या लागतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचे तिकीट माफ आहे, पण सोबत येणाऱ्या मुलाला ते काढावे लागते आणि त्याचा रोज बुडतो तो वेगळाच. तालुक्याहून निघून शहरात पोहोचेपर्यंत दुपार होते. 'फील्ड' करायला आज यंत्र मोकळे नाही, उद्या या, असे दोनदा ऐकले की तिसऱ्यांदा कोणी निघत नाही. आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे दुखत काहीच नाही. समोरचे स्वच्छ दिसते. कडेचे जाते ते माणसाला कळतच नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागू लागतो, जिना उतरताना शेवटची पायरी चुकते, तेव्हा 'वय झाले' म्हणून घरचे सोडून देतात.

रुग्ण खोटे बोलतो, ही डॉक्टरांची तक्रारही खरी आहे. 'रोज घालतो की' असे ठासून सांगणारा माणूस आठवड्यातून तीनदाच थेंब घालत असतो. पण हे खोटे येते कुठून? मागच्या खेपेला सगळ्यांसमोर बोलणी बसली होती, तिथून. या खोट्याची किंमत फार मोठी आहे. तारीख जवळ आली की चार-सहा दिवस नेमाने थेंब घातले जातात, तपासणीच्या दिवशी दाब छान येतो, मात्र फील्डचा कागद बिघाड दाखवतो. औषध चालू असूनही नस खराब होते आहे असा निष्कर्ष डॉक्टर काढतात. मग दुसरा थेंब वाढतो, तिसरा वाढतो, कदाचित शस्त्रक्रियाही ठरते. दोन बाटल्या जमत नव्हत्या त्या माणसाच्या हाती तीन येतात. रागावून मिळालेले उत्तर चुकीचे असते आणि त्या उत्तरावर पुढचे उपचार उभे राहतात. म्हणून रुग्णांनाही आमचे कळकळीचे सांगणे आहे की थेंब चुकले असतील तर तसे सांगा. डॉक्टर चिडले तरी सांगा. तुमची पुढची दहा वर्षांची नजर त्या एका खऱ्या उत्तरावर ठरणार आहे.

आता नाते संपवण्याच्या रीतीकडे वळू, कारण आमची खरी हरकत तिथे आहे. नियम काय म्हणतात? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत हे स्वच्छ लिहिले आहे. कोणावर उपचार करायचे हे ठरवायला डॉक्टर मोकळा आहे, तातडीच्या प्रसंगी मात्र त्याने मदतीला गेलेच पाहिजे. एकदा रुग्ण हाती घेतला की त्याची हेळसांड करता येत नाही, आणि रुग्णाला व त्याच्या घरच्यांना पुरेशी पूर्वसूचना दिल्याखेरीज त्यातून अंग काढून घेता येत नाही. रुग्णाने कागदपत्रे मागितली तर ती ७२ तासांत द्यायची आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले, त्यांत शिवीगाळ वा हिंसा करणाऱ्यावर उपचार नाकारण्याची स्पष्ट मुभा होती; पण त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले आणि २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. अमेरिकेत रुग्णाला लेखी पत्र देऊन साधारण ३० दिवसांची मुदत देण्याची रीत आहे आणि त्या मुदतीत तातडीचे उपचार त्याच डॉक्टरने करायचे असतात.

आपल्याकडे पत्र कोणी देत नाही. आपल्याकडचा निरोप काउंटरवर, फोनवर आणि अर्धवट वाक्यांत होतो. डॉक्टर बाहेरगावी आहेत. पुढच्या महिन्यात फोन करा. या महिन्याच्या अपॉइंटमेंट संपल्या. तुमची फाईल सापडत नाही, नवीन केस काढावी लागेल. हे सांगणाऱ्या मुलीला त्या माणसाचा उजवा डोळा आधीच गेला आहे हे माहीत नसते, आणि कित्येकदा आपल्या नावाने हे सांगितले जाते आहे हे डॉक्टरांनाही माहीत नसते. रुग्ण समजायचे ते समजतो आणि परत येत नाही. मोठ्या साखळी रुग्णालयांत याचा आणखी एक प्रकार असतो. तपासणारे तरुण डॉक्टर वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्या शहरात जातात, रुग्णाच्या हाती नवे नाव येते, आणि ज्याच्याशी बोलायची सवय झाली होती तो माणूस गेला म्हणून रुग्णही गळतो. त्याला कोणी सोडलेले नसते, तरी तो सुटतोच.

यानंतर त्या रुग्णाचे काय होते? तो दुसऱ्या तज्ज्ञाकडे जातो, असे आपण धरून चालतो. बहुतेकदा तो गावातल्या औषधाच्या दुकानात जातो. जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली आणत राहतो. दाब किती आहे हे वर्ष-दोन वर्षे कोणी पाहत नाही. आणि तो दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेलाच, तरी मोकळ्या हाताने गेलेला असतो. काचबिंदूत ही गोष्ट घातक आहे. आज दाब १८ आहे, हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. पूर्वी तो ३० असेल तर १८ ही चांगली बातमी आहे, १२ वर ठेवायचे ठरले असेल तर वाईट. पाच वर्षांचे फील्डचे कागद एकापुढे एक मांडले तरच बिघाड कोणत्या गतीने चालला आहे हे कळते. फील्डच्या यंत्राच्या अर्धगोलात हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, अंधारात लुकलुकणारा ठिपका दिसला की बटण दाबत बसण्याची ती परीक्षा म्हाताऱ्या माणसाला पहिल्या एक-दोन वेळा नीट जमतच नाही. तेव्हा जुने कागद नसलेला रुग्ण नव्या डॉक्टरसाठी पुन्हा पहिल्या पायरीवर असतो, आणि नस त्याची वाट पाहत थांबलेली नसते.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाबद्दल तर सवलतीचा प्रश्नच येत नाही. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातले पाणी निघून जायला नवी वाट केली जाते. शरीर ती जखम समजून बुजवू पाहते. पहिले काही आठवडे डॉक्टरला ती वाट पुन्हा पुन्हा पाहावी लागते, टाके सैल करावे लागतात. पुढेही, कधीही, त्या वाटेने जंतुसंसर्ग आत शिरू शकतो. डोळा लाल झाला, दुखू लागला तर त्याच दिवशी धावायचे असते. त्या काळात 'दुसरीकडे दाखवा' म्हणणे ही आमच्या मते सरळ हेळसांड आहे, मग रुग्ण कितीही उद्धट असो. दाब अचानक चढून असह्य डोकेदुखी आणि उलट्या होत असलेल्या रुग्णाबाबतही हेच.

रुग्ण सोडण्याआधी करण्यासारखे बरेच काही आहे. तीन बाटल्यांऐवजी दोन औषधे एकत्र असलेली एक बाटली चालते का, दिवसातून एकदाच घालायचा थेंब पुरेल का, हे पाहता येते. डोळ्याचा दाब उतरवणाऱ्या लेसरचा विचार करता येतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात सुरुवातीलाच लेसर केलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना ताब्यात होता. काचबिंदूच्या सगळ्या प्रकारांना हा इलाज चालत नाही, पण ज्याला चालतो आणि ज्याच्या हातून थेंब पडत नाहीत, त्याच्यावर 'ऐकत नाही' असा शिक्का मारण्यापेक्षा लेसर करणे हे कितीतरी शहाणपणाचे. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने गावांजवळ छोटी दृष्टीकेंद्रे उघडली, तिथे प्रशिक्षित कर्मचारी तपासतो आणि डॉक्टर दूरच्या रुग्णालयातून रुग्णाशी बोलतात. दाब मोजायला दर वेळी शहर गाठावे लागू नये, एवढी सोय मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात तालुक्याच्या ठिकाणी व्हायला काय अडचण आहे? खासगी दवाखान्यांना एकट्याने हे जमणार नाही. शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचे आकडे मोजायची शिस्त लावली, तशीच काचबिंदूचे किती रुग्ण दुसऱ्या वर्षी परत आले हे मोजायची लावावी.

एवढे करूनही काही नाती टिकणार नाहीत. विश्वास उडाला की डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही भल्यासाठी वेगळे व्हावे लागते. मग ते उघडपणे व्हावे आणि ते डॉक्टरांनी स्वतः करावे, काउंटरवरच्या मुलीवर सोपवू नये. रुग्णाला समजेल अशा मराठीत एक पानी पत्र असावे. आजार कोणता, कोणत्या डोळ्यात किती नुकसान झाले आहे, दाब किती होता आणि किती हवा, सध्या कोणते थेंब चालू आहेत, ते कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत, पुढची तपासणी कोणत्या महिन्याच्या आत झाली पाहिजे, हे त्यात लिहावे. जवळच्या दुसऱ्या तज्ज्ञाचे किंवा सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागाचे नाव द्यावे. सगळे फील्ड, सगळे स्कॅन सोबत जोडावेत. नवा डॉक्टर मिळेपर्यंत, निदान महिनाभर, तातडीला आम्ही आहोत असे लिहून द्यावे. असा नमुना राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने तयार करून दिला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेने त्याला मान्यता दिली, तर वादाच्या वेळी तो डॉक्टरांच्याही बाजूने उभा राहील. तोंडी दिलेला निरोप न्यायमंचापुढे सिद्ध करता येत नाही.

या सप्ताहात शिबिरे होतील, नवे रुग्ण सापडतील, नव्या फाईली उघडतील. त्याबरोबरच प्रत्येक नेत्ररुग्णालयाने एक काम करावे. वर्षभर न आलेल्या काचबिंदूच्या रुग्णांच्या फाईली काढाव्यात आणि त्यांना फोन लावावेत. फोन मुलगा उचलेल, सून उचलेल, काही नंबर बंद लागतील, काही माणसे हयात नसतील. जे भेटतील त्यांना 'का आला नाहीत' असे दरडावून विचारू नये. थेंबांची बाटली घरात आहे का, एवढेच आधी विचारावे, आणि नसेल तर ती कशी पोहोचेल ते त्याच फोनवर ठरवावे.